हळदीची पाच बोटं

"कोमट म्हणजे तान्ह्या बाळाच्या अंगावर घालशील तेवढी. त्याहून गरम नको, गार तर नकोच. आणि कुमुद, एक दिवसही चुकवायचं नाही."

हे गेले त्याला येत्या वैशाखात दोन वर्षं होतील. पण सकाळी निवळीचं पातेलं शेगडीवर ठेवलं की हा आवाज अजून येतो. हात फडक्याला पुसता पुसता, पाठमोरं राहून सांगितल्यासारखा. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तीस वर्षं यंत्रं सांभाळल्यामुळे यांना मोठ्याने बोलायची सवय. घरात मात्र मुद्दाम आवाज खाली आणून बोलायचे.

माझे नेम पूर्वीपासूनचे. स्नान होईपर्यंत कुणाशी बोलायचं नाही. मग तुळशीला पाणी, देवापुढे दिवा, स्तोत्र, गाईचा घास, कावळ्याचा घास, आणि त्यानंतर चहा. सहा वर्षांपूर्वी या ओळीत गाडीचा घास येऊन बसला. ताक घुसळायचं, वरची निवळ फडक्यातून गाळायची, कोमट करायची, पडवीत उभ्या असलेल्या गाडीचं बॉनेट उचलायचं आणि आतल्या पितळी नरसाळ्यात हळूहळू ओतायची. नरसाळ्यापासून बारीक नळ्या निघतात आणि गाडीच्या सांगाड्याला आतून लावलेल्या कापडी अस्तरात ती निवळ झिरपत जाते. वाटीभर निवळ, पाच मिनिटं. एवढंच काम. पण ते रोजचं.

गाडी मामंजींची, साठ वर्षांची. पांढरी, चौकोनी, गियरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. इथल्या खाऱ्या वाऱ्यात खिडकीचे गजसुद्धा दहा वर्षं टिकत नाहीत, तिथे गाडीचं काय होणार? यांनी निवृत्तीनंतर तिच्यावरची ताडपत्री काढली तेव्हा तळाचा पत्रा बोटाने दाबला तरी आत जात होता.

लोखंड गंजतं म्हणजे काय होतं, ते यांनी मला देवघराच्या उंबऱ्यात बसून सांगितलं होतं. लोखंड हवेतला प्राणवायू धरून बसतं आणि त्या धरून बसण्यात स्वतःचं बळ घालवतं. आपण अन्न खातो, त्या अन्नातून विजेचे अगदी बारीक कण सुटतात आणि शेवटी ते आपण श्वासातल्या प्राणवायूच्या हवाली करतो. काही जीवाणूंना मात्र हवा लागत नाही. ते आपले कण गंजाच्या हवाली करतात.

"म्हणजे ते गंजाचा श्वास घेतात म्हण ना," हे म्हणाले होते.

असे जीवाणू चिखलात पूर्वीपासून होतेच. कुठल्याशा प्रयोगशाळेत जहाजांच्या तळासाठी त्यांच्यात बदल केले गेले. त्यांना अन्न आणि जोडीला अगदी मंद वीज दिली, की ते गंजातला प्राणवायू सोडवून घेतात आणि मोकळं झालेलं लोखंड कणाकणाने जुन्या पत्र्यावर परत बसवतात. त्यांचं आवडतं अन्न म्हणजे दह्यातलं आम्ल. त्यामुळे आपल्याकडे त्यांची पाकिटं आली तेव्हा लोकांनी लगेच नाव ठेवलं, विरजण. ज्याच्या त्याच्या दारातली जुनी गाडी पुन्हा भरायला लागली. यांनीही विरजण आणलं. जुनं इंजिन काढून मोटर बसवली, बॅटऱ्या घातल्या, छपरावर उन्हाची पाटी लावली. चार वर्षांत बोटाने आत जाणारा पत्रा हातोड्याने वाजवला तर घंटेसारखा वाजायला लागला.

एकच गोष्ट होती. हे जीवाणू उपास करत नाहीत. दीड दिवस अन्न मिळालं नाही तर ते उलटे फिरतात. जे कण अन्नातून मिळायचे ते लोखंडातून ओढून घेतात. गंजाला जे करायला दहा वर्षं लागतात ते हे आठवड्यात करतात. एका दिवाळीत लोक चार दिवस गावाला गेले आणि परत येऊन बघतात तर गाड्यांची दारं बिजागऱ्यांतून निखळलेली. त्यानंतर बहुतेकांनी गाड्या भंगारात दिल्या. उरलो ते आम्ही थोडे, कुठेच न जाणारे. यांनी आपोआप निवळ सोडणारी टाकी करून पाहिली होती, पण तिला तिसऱ्या दिवशी बुरशी धरायची. शेजारच्या सुनेला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. नेम दुसऱ्याच्या हाती देत नाहीत, असं मनात धरून बसले.

त्यापायी माझ्या लेकीच्या, केतकीच्या, मुलीच्या बारशाला नाशिकला गेले नाही. केतकी फोनवर रडली नाही, भांडली नाही. फक्त म्हणाली, "आई, बाबा गेले. तू त्यांच्या गाडीला खाऊ घालतेस. मला कळतं. पण इथे एक जिवंत बाळ आहे गं."

मी म्हटलं, "येईन." गेल्या सहा महिन्यांत तो शब्द मी तिला इतक्या वेळा दिला, की आता तो उच्चारताना मलाच लाज वाटते.

हे सगळं कुणासाठी, तर आक्कांसाठी.

आक्का म्हणजे यांची मोठी बहीण, माझी नणंद. आता एकोणऐंशीच्या आहेत. एकोणीस वर्षांच्या असताना मामंजींनी त्यांना याच गाडीवर चालवायला शिकवलं होतं, जाखमातेच्या सड्यावर. वर सपाट काळा कातळ, झाड नाही, माणूस नाही. आक्कांची उंची कमी म्हणून मामंजी त्यांच्याखाली उशी द्यायचे. पंधरा दिवस शिकवणी चालली आणि मग लग्न ठरलं. सासरकडून निरोप आला की मुलगी गाडी चालवते असं ऐकलं, ते आमच्याकडे चालायचं नाही. आक्कांनी त्याच दिवशी सड्यावर गाडी थांबवली, किल्ली वडिलांच्या हातात दिली आणि मागे जाऊन बसल्या. मागे सात वर्षांचे हे बसलेले होते. ते दृश्य यांच्या डोळ्यांपुढून कधी गेलं नाही. गाडी दुरुस्तीला काढली त्या दिवशी पहिला फोन आक्कांना केला होता.

"आक्का, ही उभी राहिली की पहिली तूच चालवायची. सड्यावर. वचन."

बॅटरीच्या गाडीला गियर लागत नाही. तरी यांनी जुनी गियरपेटी आणि क्लच ठेवले. "आक्काच्या हाताला लागेल," म्हणाले.

वचन पुरं व्हायच्या आधी हे गेले. मग आक्कांचं खुब्याचं ऑपरेशन झालं, वर्ष त्यात गेलं. ब्रेक आणि आसनं यांच्या मित्राने, बशीरभाईंनी, बसवून दिली. उरली होती ती तपासणी. आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्यापासून हाताने चालवायच्या गाड्यांना सांगाड्याची जाडी मोजल्याचा दाखला असल्याशिवाय रस्त्यावर येऊ देत नाहीत. मी म्हणत होते, होईल सावकाश.

माघात आक्कांचा चिपळूणहून फोन आला.

"कुमुद, गंमत सांगू? आज उजव्या डोळ्याने आरशात पाहिलं तर मधलं नाकच गायब. कडेचे दोन कान तेवढे दिसतात. म्हटलं बरं झालं, नाक तसंही मोठंच होतं."

"आणि डावा डोळा?" मी विचारलं.

"डावाही त्याच वाटेने निघालाय म्हणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, महिना, फार तर दीड." मग लगेच, "तुझ्या गुडघ्याचं काय? तेल लावतेस का?"

या दुखण्यावर आता बरेच इलाज निघालेत, पण आक्कांच्या डोळ्याचा पडदा इलाजाच्या पलीकडे विरला होता. गाडीबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. मी फोन ठेवला. मग बशीरभाईंना बोलावलं.

बशीर मुकादम खाडीवर होड्यांचे पत्रे जोडतात. यांचे कारखान्यातल्या दिवसांपासूनचे मित्र. होडीच्या तळाची जाडी मोजायचं यंत्र त्यांच्याकडे असतं. पेनाएवढी दांडी, ती पत्र्याला टेकवायची, ती आवाज सोडते आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकून जाडी सांगते.

"सरकारी साहेब यायच्या आधी आपण बघून घेऊ, वहिनी," असं म्हणून ते सतरंजी अंथरून गाडीखाली शिरले. "अडीच. अडीच. दोन पॉइंट सहा. श्रीनिवासभाऊंनी नवीन गाडीपेक्षा जाड करून ठेवलीय. अडीच..." मग आवाज थांबला. "वहिनी, खडू आहे का घरात?"

मी रांगोळीचा खडू दिला. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. कपाळाला ग्रीस लागलं होतं.

"मधल्या पट्टीवर एका जागी पाऊण मिलिमीटर भरतंय. बॅटऱ्यांचा सगळा भार तिथेच. खड्ड्यात आपटली तर तिथून मोडेल. पण जीवाणू असे कधी सोडत नाहीत हो. बाजूला सगळं भरलंय आणि मधे पाच रेघा रिकाम्या. तुम्ही बघा, मला तर भानामती वाटते."

मी पदर खोचला आणि गुडघे सांभाळत सतरंजीवर आडवी झाले. बशीरभाईंनी विजेरी धरली. पट्टीवर खडूने काढलेल्या पाच रेघा होत्या, वरून खाली ओढलेल्या, मधली जरा लांब. मी हात वर केला आणि त्यांच्यावर टेकवला. पाचही बोटं बरोबर बसली.

सहा वर्षांपूर्वीची खंडेनवमी. घरात पाने, हातोडे, करवत पाटावर मांडून पूजा झाली होती. गाडीचा तेव्हा नुसता सांगाडा होता, उघडा. यांनी त्याच सकाळी त्याला विरजण लावलं होतं. मी हळदीची वाटी घेऊन पडवीत आले आणि विचारलं, "हिला लावू का?"

"लाव की," हे म्हणाले. "तुझा हात लागल्याशिवाय आपलं काय सुरू झालंय?"

घरची हळद, तेलात कालवलेली, घट्ट. मी मनोभावे पाच बोटं ओढली. दुसऱ्या दिवशी त्यावरून अस्तर चढलं आणि ती झाकली गेली.

"हळद," मी बशीरभाईंना म्हणाले.

त्यांना कळायला क्षणभर लागला. "अल्ला," ते म्हणाले. "जखमेवर हळद कशाला भरतो आपण? जंतू मरावेत म्हणून. इथे तर जंतूच कामगार! आणि हळदीतलं ते पिवळं लोखंडाला एकदा चिकटलं की जीवाणूला शिवू देत नाही. तुम्ही त्यांच्या पहिल्याच दिवशी दारात पहारा बसवलात." मग माझं तोंड पाहून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही चांगल्यासाठीच लावलीत."

चांगल्यासाठीच लावली होती. तेच तर.

चहा घेताना त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, तिथे नव्याने विरजण लावायचं. भरायला दोन महिने. नेम चालू राहील, गाडी तुमच्या नातीलाही पुरेल. दुसरी, पट्टीवर पोलादी तुकडा वेल्ड करायचा. एका दिवसाचं काम. पण जिवंत अस्तरावर वेल्डिंग केलं तर जवळचे जीवाणू मरतात आणि लांबचे पिसाळतात, त्यामुळे आधी सगळेच मारावे लागतील. मग उरेल ते साधं लोखंड.

"साधं लोखंड किती टिकेल?" मी विचारलं.

"या वाऱ्यात? रंग चांगला दिला तर दोन पावसाळे. तिसरा मी सांगत नाही."

तीन दिवस मी काहीच ठरवलं नाही. निवळ मात्र रोज दिली. सहा वर्षं ज्यांना घास दिला ते दिसत नाहीत म्हणून जीव नाहीत असं थोडंच आहे? आणि यांचे दोन शब्द, एक मला सांगितलेला आणि एक आक्कांना दिलेला, दोन्ही माझ्या पदरात. एक धरला की दुसरा सुटत होता. देवापुढे बसले तरी स्तोत्राची ओळ विसरायची. थकवा नुसता गुडघ्यांतच असतो असं नाही.

चौथ्या दिवशी आक्कांना फोन केला आणि हळदीपासून सगळं सांगून टाकलं. पलीकडून हसू आलं.

"पाच बोटं? अगं, शिनूने पाहिलं असतं तर त्याने ती पट्टी काढून भिंतीला लावली असती."

"आक्का, हसू नका हो. माझ्यामुळे झालं. आणि आता यांनी सांगितलेलं मोडायचं कसं?"

"तू लग्नाआधी सोळा सोमवार केलेस ना?"

"केले."

"सतरावा केलास?"

"नाही."

"उद्यापन केलंस, मेहूण जेवायला घातलंस, सुटलीस. व्रताला उद्यापन असतं, कुमुद. ज्याला ते नाही तो नुसता हट्ट. आमच्या घराण्यात तो भरपूर आहे, तू त्यात भर घालू नकोस." मग म्हणाल्या, "आणि माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस. मी गाडी चालवली नाही म्हणून साठ वर्षांत कुणाचं काही अडलेलं नाही."

"बरं," मी म्हटलं.

फोन ठेवते न ठेवते तोच त्यांचा आवाज आला, लहान मुलीसारखा. "क्लच अजून डाव्याच पायाला आहे ना गं?"

मी पंचांग पाहिलं. दिवस बरा नव्हता. पण आक्कांचा डोळा काही मुहूर्ताची वाट पाहणार नव्हता.

गुरुवारी सकाळी नेहमीसारखी निवळ कोमट केली, वाटीऐवजी तांब्याभर. भुकेल्या पोटी कुणाला निरोप देऊ नये. ती झिरपून जाईपर्यंत नरसाळ्यापाशी उभी राहिले. मग गाडीवर अक्षता वाहिल्या. उत्तरपूजेला मूर्ती जागेवरून जराशी हलवतात, तशी बशीरभाई आणि मी मिळून गाडी हातभर पुढे ढकलली. गणपतीला निरोप देताना पुन्हा या म्हणतात. मी तसं म्हटलं नाही. हात जोडले आणि मनात म्हणाले, दमलात. आता राहू द्या.

आणि मग हळद. किलोभर घरची हळद गरम पाण्यातेलात कालवून बशीरभाईंनी पिचकारीने नळ्यांत सोडली. अस्तर फाडून काढलं आणि उघड्या सांगाड्याला मी माझ्या हाताने हळद माखली. कोपरापर्यंत पिवळी झाले.

"गाडीला हळद लागली," बशीरभाई म्हणाले. "नवरदेव कुठाय?"

"चिपळूणला आहे," मी म्हटलं. "एकोणऐंशीचा. नाक दिसत नाही म्हणतो."

ते एवढे हसले की पिचकारी हातातून पडली. मीही हसले. कितीतरी दिवसांनी.

दुपारी, जीवाणू जिवंत असल्याची खूण म्हणून नरसाळ्याशेजारी सहा वर्षं पेटत असलेला हिरवा दिवा विझला. मी तो विझताना पाहिला नाही, पाहिला तेव्हा विझलेलाच होता. मग मधल्या पट्टीवरची हळद तेवढी घासून साफ करून बशीरभाईंनी तुकडा बसवला. ठिणग्या पडवीभर उडाल्या. पाच रेघा पोलादाखाली गेल्या.

पुढच्या आठवड्यात सरकारी तपासनीस आले. दांडी टेकवली, पट्टी ठोकून पाहिली, आणि दाखला देताना म्हणाले, "मावशी, हिला हळदीचा वास का येतो?" मी म्हटलं, "सणाची गाडी आहे."

त्या संध्याकाळी केतकीला फोन केला. येईन म्हटलं नाही. सोमवारच्या गाडीचं तिकीट काढलंय, एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "बाळाला पायाचा अंगठा तोंडात घालायला येतो आता. आल्यावर बघ."

आज शनिवार. स्नान झालं, तुळशीला पाणी झालं, दिवा, स्तोत्र, गाय, कावळा. हात आपोआप ताकाच्या भांड्याकडे गेला. निवळ गाळली, कोमटही केली, आणि मग पातेलं हातात धरून उभी राहिले. आवाज आला नाही. कान देऊनही आला नाही. पातेलं उचलून परसात नेलं आणि निवळ कढीपत्त्याच्या मुळाशी ओतली. त्याला ताक मानवतं.

शेजारच्या सुनेला तुळशीचं आणि गाईचं बघायला सांगितलं. ती म्हणाली, "काकू, किती दिवस?" मी म्हटलं, "आठ. जमेल ना?" ती म्हणाली, "एवढंच ना?"

फाटक उघडलं. गाडी मी चाळिशीत शिकले तेव्हा हे शेजारी बसून एक शब्द बोलले नव्हते, फक्त आपला उजवा पाय जमिनीवर दाबत होते. आज शेजारची सीट रिकामी होती. मागच्या सीटवर कपाटातली जुनी उशी ठेवली, मामंजींच्या वेळची, नवा अभ्रा घालून. डावा पाय दाबला, दांडा पहिल्यात टाकला आणि हळूहळू पडवीतून बाहेर आले.

चिपळूण दोन तासांवर. तिथून आक्कांना घेऊन सडा आणखी एक तास. तिथे ऊन चढायच्या आत पोचायचं होतं. कातळावर ऊन झळाळतं, आणि आक्कांचा एकच डोळा उरला होता.